देव्हाऱ्यात म्हातारा झालेला मोबाइल

मु. कोसमटोला, ता. आरमोरी
होळीच्या आधीचा बाजार, २००८

आदरणीय बापूराव भाऊ यांस,

मनसारामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. सीतावहिनींनाही सांगावा. आपला गुडघा आता कसा आहे? आपल्या बहिणीनं, गिरजानं पाठवलेलं तेल लावत असाल तर उत्तम, आणि लावत नसाल तर निदान तिला तसं कळवू नये. आपले विक्की आणि हर्षा अभ्यास करत असतील असं मी धरून चालतो. इकडे आम्ही सर्व कुशल आहोत, एक सोडून. तो एक घरातला माणूस म्हणावा की वस्तू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मोबाइल गेला, भाऊ. धडधाकट होता, बोलत होता, आणि बोलता बोलताच गेला. मला जो धक्का बसला आहे त्यातून मी अजून सावरलेलो नाही, म्हणून अक्षर थोडं वाकडं आलं आहे.

आपल्याला सगळं आठवत असेल, कारण तो आणला आपणच. मागच्या नाही, त्याच्या मागच्या दिवाळीत आपण गिरजाला घेऊन चंद्रपूरला गेला होतात. आमची आचल लग्न होऊन नुकतीच माजरीला गेली होती आणि गिरजाचा कशात जीव लागत नव्हता. त्याच सुमारास आमच्या तलावाच्या पाळीजवळ टॉवरसाठी कंपनीची माणसं फीत धरून जागा मोजून गेली होती. माणसं फीत घेऊन आली म्हणजे टॉवर आलाच, असं सगळ्या गावाचं मत पडलं. (सरपंचानं तर आनंदात त्यांना मरळ मासे बांधून दिले. ते आपल्या मच्छीमार संस्थेचे होते आणि मी संस्थेचा सचिव आहे, पण तो विषय वेगळा.) आपण मोबाइल घेतला, बिल आपल्या नावावर केलं, त्यात स्वप्निलजावयांचा नंबर भरला, स्वतःचा भरला, आणि गिरजाला म्हणालात की आता कुठं लिहून ठेवायची गरज नाही, सगळं आतच आहे. आपला हेतू चांगला होता, यात मला शंका नाही.

मोबाइल घरी आला आणि टॉवर आला नाही. महिना गेला, धानाचा हंगाम गेला, पुन्हा पावसाळा आला, तरी पाळीवर नुसत्या चार खुंट्या. त्यातली एक कोणीतरी बकरी बांधायला उपटून नेली. आता न बोलणारा मोबाइल ठेवायचा कुठं? गिरजानं तो देव्हाऱ्यात ठेवला. आमच्या धिवरांच्या घरी नवं जाळं असो की नवा डोंगा, कामाला लावायच्या आधी त्याला हळदकुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या आणि तलावाचं पाणी शिंपडायचं ही रीत. (आपल्याही घरी तीच आहे, गिरजा तिथूनच शिकून आली, तेव्हा आपण हसू नये.) मोबाइलचीही तशीच पूजा झाली. पण जाळं दुसऱ्या दिवशी पाण्यात जातं, आणि मोबाइल मात्र जागचा हलेना. गिरजानं त्याचा अर्थ असा काढला की पूजा कमी पडली. म्हणून तिनं ती पोळ्याला पुन्हा केली, दसऱ्याला पुन्हा केली, आणि मधे एकदा नुसती आठवण आली म्हणून केली. मी तिला अडवलं नाही. घरात निदान एक जण टॉवरसाठी प्रयत्न करत होता.

दरम्यान आचलला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी आपल्याला सांगायला हवं? आम्ही तिला आणायची तयारी केली तर व्याह्यांचा निरोप आला की इकडे दवाखाना जवळ आहे, पोरीला एवढ्या लांब बसमध्ये कशाला हलवता, आणि आता तर तुमच्याकडे टॉवर उभा राहतोय, मोबाइलही आहे, मायलेकींनी रोज बोलावं. बोलणं बिनतोड होतं. मी हो म्हणालो. गिरजा उठली आणि तिनं देव्हाऱ्यातला मोबाइल पुसून परत ठेवला.

शेवटी या माघात टॉवर लागला. मी आरमोरीहून सिम आणलं, मोबाइल रात्रभर वायरला लावला, आणि सकाळी गावातली अर्धी माणसं आमच्या अंगणात जमली. गिरजानं शेवटची पूजा केली, ती जरा मोठी झाली. मग मी जावयांचं नाव काढून बटण दाबलं. घंटी गेली! पलीकडून आपल्या आचलचा आवाज आला, भाऊ, इतका स्वच्छ की ती आडोशाला उभी आहे की काय असं वाटावं. गिरजाच्या हातात दिला. गिरजा नुसतं "हालो, हालो" करत राहिली. आचल म्हणाली, "माय, मले इथी..." आणि संपलं. दिवा गेला, आवाज गेला, सगळं गेलं. गिरजा कितीतरी वेळ तसाच कानाला लावून बसली होती. अंगणातली माणसं चप्पल घालून हळूहळू निघून गेली.

आता आपण विचार करावा. मले इथी काय? मले इथी मारतात? मले इथी बरं नाही? मले इथी सगळं मिळते, काळजी करू नको? गिरजानं यातलं वाईट ते सगळं धरलं आणि चांगलं सोडून दिलं. त्या दिवसापासून ती धड जेवत नाही. मी आरमोरीच्या एसटीडी बूथवर जाऊन दुसरा फोन लावायला निघालो, आणि अर्ध्या वाटेत सायकलवरून उतरलो. नंबर कुठं होता? आत. जावयांचा आत, आपलाही आत. म्हणूनच आजच्या काळात मी आपल्याला पोस्टानं पत्र लिहितो आहे, गैरसमज नसावा.

आरमोरीत पत्रू म्हणून एक जण रेडिओ दुरुस्त करायचा, आता मोबाइलही करतो. त्यानं मागचं झाकण काढलं, मग आतलं काढलं, आणि मला जवळ बोलावलं. भाऊ, मी आयुष्यात तलावातून बरंच काही वर आलेलं पाहिलं आहे, पण असं पाहिलं नव्हतं. आत कुंकवाचा चिखल होता. हळद होती. तुळशीचं पान होतं, वाळून चिकटलेलं. आणि तीन अक्षता, त्यातली एक फुगलेली. पत्रूनं विचारलं, "काका, हा मोबाइल आहे का नैवेद्य?" मी म्हणालो, तू तुझं काम कर. तो म्हणाला, याला आता माझं काम लागत नाही, वॉरंटी असेल तर दुकानदाराकडे जा.

वॉरंटी! हा शब्द मी विसरलोच होतो. तेच ते कार्ड, गिरजानं मोबाइलखाली आसन म्हणून घातलेलं. मी ते, त्याला टाचलेल्या बिलासकट, घेतलं आणि पहिल्या बसनं चंद्रपूर गाठलं. दुकानदार पोरगेलासा, पण तयार. त्यानं बिल पाहिलं आणि म्हणाला, वर्षाची वॉरंटी कधीच संपली. मी म्हणालो, संपेल कशी? वापर सुरू झाला त्याच दिवशी बंद पडला. तोंडातून एक पूर्ण वाक्य निघालं नाही त्याच्या. जाळं खुंटीला टांगून ठेवलं तर ते मासे पकडून झिजलं असं कोणी म्हणतं का? तो म्हणाला, "काका, कंपनीले देव्हारा समजत नाई, बिलावरची तारीख समजते." म्हणजे पाहा, ज्या वर्षात हे यंत्र देवाशेजारी हात जोडून बसलं होतं, त्या सगळ्या वर्षात त्याचं वय होत होतं! माणसालाही कामाला लागल्यापासून नोकरी धरतात, जन्मापासून नाही. मग त्यानं आत पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, श्रद्धा आहे. तो म्हणाला, याला आम्ही पाणी गेलं असं लिहितो, आणि पाणी गेलं तर वॉरंटीतही काही मिळत नाही. त्याच्याशी भांडता भांडता परतीच्या बसची वेळ झाली, म्हणून आपल्याकडे बल्लारपूरला येता आलं नाही. क्षमस्व.

घरी आलो तर गिरजानं मोबाइलबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तिनं विचारलं, "चंद्रपूरले गेले, अन् तिथून माजरीले नाई गेले? काऊन जी?" आता तिला काय सांगू? चंद्रपूरला मी मोबाइलच्या कामाला गेलो होतो. आणि व्याह्याच्या दारात न कळवता उभं राहायचं म्हणजे काही पद्धत आहे? आधी कळवायला हवं. कळवायला फोन हवा. फोन दुरुस्त व्हायला न्याय हवा. मी तिला हे सगळं क्रमानं समजावलं. ती ऐकत होती असं मला वाटलं. मग लक्षात आलं की ती माझ्याकडे पाहत होती, एवढंच.

तर न्याय. आरमोरीला हरिदास वकील बसतात, त्यांना ग्राहक कायदा पाठ आहे. ते ऐकून खूष झाले. म्हणाले, वॉरंटी संपली म्हणजे ग्राहकाचा हक्क संपला असं नसतं. वस्तूत मुळातच दोष असेल आणि तो वापर सुरू झाल्यावरच दिसला, तर जिल्हा ग्राहक मंचात दाद मागता येते. मात्र दोष मुळातला होता हे दाखवावं लागेल. मला इतका धीर आला की मी दुसऱ्या दिवशी साक्षीला गिरजाला घेऊन गेलो. वाटेत तिला बजावलं की विचारलं तेवढंच बोल. वकिलांनी मऊ आवाजात विचारलं, बाई, यावर चुकून पाणी वगैरे शिंपडलं गेलं का? आणि गिरजा अपमान झाल्यासारखी ताठ झाली. "चुकून काऊन? चांगलं मन लावून शिंपडलं. पोळ्याले शिंपडलं, दसऱ्याले शिंपडलं, टॉवर लागला त्या दिवशी तं अर्धा तांब्या वोतला!" वकिलांनी पेन खाली ठेवलं. मी छताकडे पाहिलं. गिरजा पुढे म्हणाली की देवाच्या पाण्यानं काही बिघडत असतं तर आमचे डोंगे कधीच बुडाले असते. वकिलांनी कायद्याचं पुस्तक मिटलं, कारण हे त्यात नाही.

तरीही मी हटलेलो नाही. देवाला वाहिलेलं पाणी आणि नुसतं सांडलेलं पाणी यात फरक आहे, हा मुद्दा मी मंचापुढे मांडणार आहे. वकील म्हणतात मांडू नका. पण हा एका मोबाइलचा प्रश्न राहिलेला नाही, भाऊ. ज्या गावात टॉवर नाही त्या गावातला मोबाइल घरात पडून म्हातारा होतो, हे सरकारला कोणीतरी सांगायला हवं. वहिनींना पुन्हा नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला हक्कासाठी झगडणारा,
मनसाराम भानारकर

ता.क. मुख्य काम राहिलंच. बिल आपल्या नावावर असल्यामुळे कायद्यानं खरेदीदार आपण. मात्र आपल्या संमतीनं वापरणाराही ग्राहक धरतात असं वकील म्हणाले. तेव्हा "मनसाराम यांनी मोबाइल माझ्या संमतीनं वापरला" अशी चिठ्ठी सहीनिशी पाठवावी. वापरला एवढंच लिहावं, कसा ते लिहू नये.

ता.क. २. चिठ्ठीसोबत जावयांचा नंबरही पाठवावा. खरं म्हणजे तोच आधी पाठवावा. गिरजा रात्री पडल्या पडल्या ते अर्धं वाक्य पुटपुटते. मलाही आता झोप लागत नाही. मले इथी, मले इथी. काय असेल हो, भाऊ?

ता.क. ३. हे पत्र टाकायला सकाळी निघालो तर चूल थंड. गिरजा घरात नाही. शेजारची गंगू म्हणाली, पहिल्या बसनं माजरीला गेली, सोबत झिंग्यांचं गाठोडं आहे. न विचारता! न कळवता! व्याह्यांच्या दारात! मी ओट्यावर बसून आहे आणि पत्र हातातच आहे.

ता.क. ४. पत्र अजून टाकलेलं नाही, म्हणून पुढचंही लिहितो. काल सांजेला गिरजा आली. एकटी नाही, आचलला घेऊन आली. विहीणबाई काही रागावल्या नाहीत, त्यांनी गिरजाला कोंबडी करून घातली, आणि स्वप्निलजावई स्वतः बसपर्यंत पिशव्या घेऊन आले. बाळंतपण इथंच होईल, आरमोरीच्या दवाखान्यात नाव घातलं आहे. पोर वाळली होती हो. मी तिला पाहिलं आणि मला आत जाऊन उभं राहावं लागलं.

वाक्य कळलं. आचल म्हणत होती, "माय, मले इथी करमत नाई." एवढंच. मी गिरजाला म्हणालो, पाहिलंस, मोबाइल धड असता तर हे त्याच दिवशी कळलं असतं, इतके दिवस तुझा जीव टांगणीला लागला नसता. गिरजा चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "कळलं असतं तं मी काय म्हटलं असतं? करमंल वं बाई, सगळ्याच पोरीयले आधी नाई करमत, दम धर. असं म्हटलं असतं, अन् फोन ठेवून देल्ला असता."

भाऊ, वकिलांच्या अर्जात एक ओळ आहे, मोबाइल बंद पडल्यामुळे आपलं काय नुकसान झालं ते लिहा. सकाळपासून पेन घेऊन बसलो आहे. आत आचल आईला दुसऱ्यांदा झिंग्यांची चटणी मागते आहे. तिथं काय लिहायचं, तेवढं कृपा करून आपणच कळवावं.