चेतना मॅडमचा चांगला फोटो

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.
आजपासून फोटोग्राफी. सीरियसली.
केयूरने बंगळुरूहून त्याचा जुना फोन पाठवलाय. मागे एकच कॅमेरा. "बाबा, बेसिक आहे, फार अपेक्षा ठेवू नका," म्हणाला. या पोरांना वाटतं सगळं फोनमध्येच असतं. नजर हवी, नजर.
कारण लिहून ठेवतो. ही वही कोण वाचणार आहे? कारण: हास्य क्लबच्या चेतना मॅडम. शाळेच्या ऑफिसातून रिटायर झाल्या, घरी माझ्यासारख्याच एकट्या. काल गार्डनमध्ये म्हणाल्या, "मधुभाऊ, माझा एक चांगला फोटो काढून द्याल का? भाचीने काढला त्यात नाक भजीएवढं आलंय."
क्लबात पंचवीस माणसं. विचारलं मला. याचा अर्थ न कळण्याइतका मी मठ्ठ नाही.
'भाऊ' त्या सगळ्यांनाच म्हणतात. ते मनावर घ्यायचं नाही.

७ जानेवारी, मंगळवार
चार व्हिडिओ बघितले. टिपलेलं: लेन्स पुसायची. फोन दोन्ही हातांनी धरायचा. झूम नाही करायचं, आपणच चार पावलं पुढे जायचं. उजेड चेहऱ्यावर हवा, पाठीमागे नको.
लेन्स पुसली. वर तेलकट बोट उमटलेलं. शेंगदाण्याच्या चटणीचा वास. केयूर चटणी खात नाही, पण त्याचंच असणार.

९ जानेवारी, गुरुवार
प्रॅक्टिस. मॉडेल नाही. खिडकीत पपई ठेवली, स्क्रीनवर तिच्यावर बोट टेकवून फोकस केला. अठ्ठावीस फोटो. शेवटचा झकास. क्लबच्या ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले. एकाने विचारलं, कितीला घेतली?
मेसेज इन्फोत पाहिलं, मॅडमनी वाचलाय. काही बोलल्या नाहीत. सगळंच ग्रुपवर बोलायचं नसतं.
संध्याकाळी पपई कापली. अर्धी उरली. एका माणसाला पपई मोठीच होते.

१२ जानेवारी, रविवार
केयूरला फोन केला, माणसांचे फोटो कसे काढायचे ते विचारायला. मीटिंगमध्ये आहे म्हणाला. रविवारीसुद्धा मीटिंग. पोराने नाव काढलं.
क्लबातल्या नंदकिशोरला सहज सांगितलं. तो म्हणाला, "मध्या, फोटो कशाला हवाय ते विचारलंस का तिला?"
जळतोय.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी १२.
झालं!
सकाळी पावणेआठला गार्डन. कोवळं ऊन. मॅडम मोरपंखी साडीत. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे उजेड चेहऱ्यावर घेतला. त्यांचे डोळे मिटायला लागले. एकवीस फोटो वाया. त्यातल्या सहात माझं बोट. (फोनच्या डिझाइनमध्येच दोष आहे.) मग बदामाच्या झाडाखाली सावलीत उभं केलं. इथेही पहिले तीन फोटो हलले. थंडीने. मुलुंडला यंदा थंडी आहे.
त्याही ताठरल्या. मग काहीतरी बोलायचं म्हणून पपईची गोष्ट सांगितली, अठ्ठावीस फोटो काढून मग तिला कापली ते. मॅडम हसल्या. क्लबातलं हा-हा-हो-हो नव्हे, खरं हसू. मी बटण दाबलं.
फोटो खरोखरच चांगला आलाय. मी काढलाय असं वाटत नाही.
त्या बघत राहिल्या. "अगं बाई, ही मीच का? मधुभाऊ, मोठं काम केलंत माझं."
कसलं काम, ते विचारायचं राहिलं. पुढच्या रविवारी विचारीन, चहा पिता पिता. इडलीही मागवता येईल.

१९ जानेवारी, संध्याकाळ
फोटो वॉलपेपरला लावला. क्वालिटी तपासायला.
मग कपाटातला अल्बम काढला. चौतीस वर्षांच्या संसारात सुलक्षणाचे मी काढलेले तेरा फोटो. सातांत डोळे मिटलेले. एकात डोकंच नाही, नुसती पर्स आणि पदर. तिला प्रत्येक वेळी "हलू नकोस" म्हणायचो. हसवायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही.
अल्बम परत ठेवला. कपाट नीट लागत नाही. सुतार बोलवायला हवा.

२ फेब्रुवारी, रविवार
मॅडम सलग दुसऱ्या रविवारी नाहीत. सर्दी असेल. चहा एकट्याने घेतला. इडली मागवली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
आल्या. पेढे घेऊन.
म्हणाल्या, "तुमच्या फोटोने कमाल केली! वधूवर मंडळात दिला होता. बोरिवलीचे चंद्रप्रकाश म्हणून आहेत, तुमच्यासारखेच, त्यांचीही बायको गेलेली. म्हणतात, या हसण्यावरच होकार दिला."
मी म्हटलं, अभिनंदन. पेढा घेतला. काय करावं कळेना, म्हणून दुसराही घेतला.
मग म्हणाल्या, "लग्नाचे फोटो तुम्हीच काढायचे हं. बाहेरचा फोटोग्राफर कशाला, घरचाच भाऊ असताना?"
मी हो म्हटलं.
नंदकिशोर गेटपर्यंत सोबत आला. एकही टोमणा मारला नाही. हे फार वाईट.
एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. चंद्रप्रकाशना जे हसू आवडलं, ते माझ्याकडे बघून आलेलं आहे. हे इतर कुठे लिहिलं जाणार नाही, म्हणून इथे.
वॉलपेपर बदलला. समुद्राचा लावला. फोनमध्ये होताच.

२ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.
लग्न झालं. बोरिवलीला, देवळात. माणसं पंधरा. नंतर हॉटेलात जेवण.
तीनशे बारा फोटो काढले. माणूस बरा आहे. उंच आहे. फ्रेममध्ये बसवायला मला दोन पावलं मागे जावं लागलं. सारखा मॅडमना हसवत होता. त्यामुळे फोटो सगळेच चांगले आले, मला काही करावं लागलं नाही.
शेवटी सगळे एकत्र उभे राहिले. मॅडमच्या लक्षात आलं. "अहो मधुभाऊ, तुम्ही कशातच नाही! या, या इकडे." फोन वेटरच्या हातात दिला. मी कडेला जाऊन उभा राहिलो. त्याला दोन्ही हातांनी धर म्हणून सांगितलं. ऐकलं नाही.
आत्ता घरी येऊन बघतोय. मधले दोघे छान आलेत. मी कडेला अर्धाच. चेहरा कापला गेलाय. वेटर लोकांना फ्रेमिंगची अक्कल नसते.
कान मात्र एकदम शार्प आलाय.