तुझ्या लग्नाच्या दिवशीचं पान

प्रिय बडबडे,

अभिनंदन करायला सहा महिने लागले. कामात होते असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला आणि माझ्या पोटात दुखलं, चांगलं आठवडाभर दुखलं. एन्झाइम काम करताना अगदी क्षीण मायक्रोवेव्ह लहरी बाहेर टाकतं, हे म्हणे तू शोधलंस! फोटोत लहरी मोजणाऱ्या यंत्राशेजारी, सदा तारा जोडत बसणारा आपला तारवाला उभा, तुझा नवरा. ते यंत्र त्याने मूळ माझ्या हट्टापायी जुळवलं होतं. यंत्र माझ्यासाठी बनवलं आणि लग्न तुझ्याशी केलं! आयत्या बिळावर नागोबा, असं मी तेव्हा आईपाशी चरफडले होते. त्यावर तिने एवढंच विचारलं, की तुझ्या मनातलं त्याला कधी सांगितलंस का. नव्हतं सांगितलं. तू मला घुमी म्हणायचीस ते काही उगाच नाही.

आपली तळमजल्यावरची लॅब आठवते? एका बशीत ताजं एन्झाइम, दुसरीत उकळून मारलेलं, दोन्हींवर पेरॉक्साइडचे थेंब. ताज्याला फेस यायचा आणि यंत्राच्या आलेखाची रेघ केसभर वर चढायची. मी आनंदाने उडी मारायची सोडून पॅसेजकडे रागाने बघायचे, कारण तिथे डबे गरम करायचा मायक्रोवेव्ह ओव्हन होता आणि तुझी भूक म्हणजे काय विचारायची सोय नाही. ओव्हनच्याच लहरी भिंतीतून येतात असं मी ठरवून टाकलं. मेलेल्या बशीची पाळी शेवटी यायची, तोवर तुझं जेवण आटोपलेलं असायचं, त्यामुळे ती गप्प राहिली यात मला नवल वाटलं नाही. रेघ चढली की वहीत तिच्यापुढे लिहायचे, ‘तिचा डबा’. तुझ्यामुळे माझं काम बिघडतंय, हे मनाला पटवायला फार सोपं होतं गं. शेवटी कंटाळून मी विषयच सोडला, आणि तू तो उचललास.

परवा आपल्या जुन्या मॅडम भेटल्या. तुझ्या शोधावर आक्षेप आलाय, ती सगळी ओव्हनचीच करामत असं लोक म्हणतात आणि सोमवारी समिती बसतेय, हे त्यांच्याकडून कळलं. दुसऱ्या कुणाची स्वतंत्र नोंद मिळाली नाही, तर तुला शोधनिबंध मागे घ्यावा लागणार. बडबडे, मला आनंद झाला. घरी येऊन चहात दोन चमचे साखर जास्त घातली आणि माळ्यावरून वही काढली. ओव्हनची चूक मी आधीच पकडली होती, हे समितीला आपणहून कळवायचा माझा बेत होता.

पानं उलटता उलटता तुझ्या लग्नाची तारीख आली. त्या दिवशी मी तापाने फणफणल्याचा निरोप धाडला होता आणि तू, स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत, माझ्यासाठी औषध पाठवलं होतंस. मला ताप नव्हता. तुम्हा दोघांना शेजारी बघवलं नसतं, म्हणून मी लॅबमध्ये जाऊन बसले. सुट्टीचा दिवस, इमारतीत मी आणि चौकीदार, बाकी सगळे तुझ्याकडे. ओव्हनसुद्धा तुझ्याकडेच होता, पाहुण्यांच्या लेकरांचं दूध गरम करायला तारवाल्याच्या मित्रांनी उचलून नेला होता. दिवस सरेना, म्हणून मी आलटून पालटून मोजत राहिले. ताजं, मेलेलं, ताजं, मेलेलं, असं चार वेळा. चारही वेळा ताज्याची रेघ चढली, मेलेल्याची हलली नाही. आणि त्या चारही रेघांपुढे, माझ्याच अक्षरात, ‘तिचा डबा’.

वही सोबत आहे. सुट्टीच्या दिवशी पानावर चौकीदाराची सही लागायची, तीही आहे. सोमवारी समितीपुढे ठेव. पहिल्या पानावरचं माझं नाव मात्र झाकू नकोस, एवढी मोठ्या मनाची मी अजून झालेली नाही. तारवाला लग्नाच्या दिवशीचं पान वाचेल, तारीख ओळखेल आणि मी त्या दिवशी कुठे होते ते त्याला कळेल. कळू दे.

तुझीच, ताप नसलेली,
घुमी