उजवी पाकळी

सुर्ला, ता. ११ जानेवारी १९७६

ती. आत्याच्या पायांशी भाग्यलक्ष्मीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण मी खुशाल नाही. बाबांनी कुत्रा आणायचं ठरवलंय. न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण चोरीला गेलं तेव्हापासून त्यांनी हेच धरून ठेवलंय. खाणीवर त्यांची रात्रपाळी, घरात आई आणि मी दोघीच, म्हणून राखणीला कुत्रा हवा म्हणतात. आईला सांगितलं तर ती म्हणते, बाबांना सांग.

माझं तुला ठाऊकच आहे. पाववाल्या पोदेराची घंटा ऐकून उंडे आणायला धावले आणि त्याच्या सायकलीमागच्या कुत्र्याने माझी पोटरी धरली. पोटात इंजेक्शनं देताना तूच माझा हात धरून बसली होतीस. तेव्हापासून पाव आणायला आईच जाते. रस्त्यात कुत्रं दिसलं की मी उभी राहते ती कोणी येऊन नेईपर्यंत उभीच. मुली हसतात. हसू देत.

रडून झालं, ताटावरून उठून झालं. शेवटी मी म्हटलं, धारगळला आपल्या देवीला विचारा. बाबांची नोकरी, घराचा चौथरा, सगळं तिला विचारूनच झालं ना? मग माझंच का नाही? देवीला लावलेल्या फुलाच्या पाकळ्यांतली उजवी पडली तर कुत्रा आणा, मी एक शब्द बोलणार नाही. डावी पडली तर पुन्हा कुत्र्याचं नाव काढायचं नाही. बाबा कबूल झाले. पण प्रसाद लावायला तू जायचं. बाबा पत्ते खेळतानासुद्धा लबाडी करतात. पाकळी कुठली पडते ते तू तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मला कळव. तू सांगशील ते मी मानीन.

सगळा भार तुझ्यावर टाकून मोकळी झालेली,
तुझी भागी

*

सुर्ला, ता. १३ जानेवारी १९७६

चि. पद्मावतीस दादाचे अनेक आशीर्वाद.

भागीचं पत्र पोचलं असेल. पोर दहा वर्षांची, पण अटी घालते वकिलासारख्या. हे सगळं तुझ्या लाडाचं फळ, असं तुझी वहिनी म्हणते. मी तिच्या बोलण्यात पडत नाही.

पण थट्टा बाजूला ठेवतो. रस्त्याने आता दिवसरात्र खनिजाचे ट्रक चालतात, कुठकुठली माणसं येतात. मी कामावर गेलो की रुक्मिणी दाराला मुसळ लावून जागी बसते. आमचा ड्रायव्हर रामचंद्र आपला कुत्रा द्यायला तयार आहे, पण तो तरी किती दिवस थांबणार?

देवी उजवा प्रसाद देईलच. नाही दिला तरी तू उजवा झाला म्हणून लिही. पोरीला काय कळणार आहे? देवीचं नाव घेतलं की तिची भीती जाईल, आमचीही झोप होईल. चांगल्यासाठी केलेलं देवी पोटात घालते. शंभू गुरवाला माझ्याकडून नारळ दे.

तब्येतीला जप. काजूच्या दिवसांत फेरी मारीनच.
गोकुळदास

*

धारगळ, ता. १९ जानेवारी १९७६

चि. भागीस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

आज सकाळी न्हाऊन देवळात गेले. शंभूने गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. मी खांबाला टेकून बघत होते. उजवी पाकळी पडली. देवीचं हो आहे.

आता शब्दाला जागायचं. कुत्रा आला की पहिले दिवस त्याच्याजवळ जायची घाई नको, आणि त्याला बघून धावायचंही नाही. त्याचं खाणं आईने घालावं, तू दारातून बघावं. त्याला तुझ्या आवाजाची सवय होऊ दे. मी तुझ्याएवढी असताना म्हशीला भ्यायचे, हे तुझ्या बाबांना विचार. अजून चिडवतात. माझ्यावर नको, देवीवर विश्वास ठेव आणि धीर धर.

होळीला, शिगम्याला ये. तुझ्यासाठी परकराचं कापड घेऊन ठेवलंय.
तुझी वाट बघणारी आत्या

*

धारगळ, ता. १९ जानेवारी १९७६

ती. दादाच्या सेवेशी पद्मावतीचा नमस्कार.

भागीचं पत्र याच टपालाने पाठवते. त्यात उजवा लिहिलाय. खरं ते तुला सांगते, डावा पडला. मी शंभूला पुन्हा गाऱ्हाणं घालायला लावलं. पुन्हा डावाच. शंभूने पाकळ्या गोळा करून ठेवल्या.

घरी येऊन तुझं पत्र परत वाचलं. वहिनी एकटी जागते ते डोळ्यांपुढून हलेना. मग तू सांगितलंस तसं लिहिलं. मला हे मुळीच बरं वाटलेलं नाही, दादा. देवीने डावा दिला म्हणून मी स्वतः काय काय मुकाट्याने मान्य केलं ते तू जाणतोस. आणि आज त्याच देवीच्या तोंडी मी खोटं घातलं.

आता एवढं कर. कुत्रा शांत बघून आण. भागी आपण होऊन हात लावीपर्यंत त्याला सोडू नकोस. तिला काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?

वहिनीला नमस्कार. पत्र वाचून फाडून टाक.
पद्मावती

*

सुर्ला, ता. २२ फेब्रुवारी १९७६

ती. आत्यास भागीचा धावत येऊन नमस्कार, वि. वि.

धावत कारण मला आता धावता येतं! कुत्र्याचं नाव मोती. पांढरा म्हणून मोती नाव ठेवलं, पण खाणीच्या धुळीने आठवड्यात तांबडा झाला. बाबा म्हणतात, आता हा खनिज म्हणून परदेशी जहाजावर चढवायला हरकत नाही.

पहिल्यांदा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतच होते. तो भुंकला की मी दार ओढून घ्यायचे. मग मी मनात म्हणायचे, देवी हो म्हणालीय, आत्याने बघितलंय. पुन्हा पुन्हा म्हणायचे. मग एक दिवस उंड्याचा तुकडा लांबून टाकला. मग जवळून टाकला. परवा त्याच्या कानाला हात लावला. कान किती मऊ असतो ग!

आणि आज सकाळी पोदेराची घंटा वाजली तेव्हा मी गेले. एकटी. आई दारात उभी राहून रडत होती. चारच उंडे आणले, त्यात रडण्यासारखं काय आहे?

शिगम्याला येईन तेव्हा देवीला माझ्या हाताने फुलं वाहणार आहे.
तुझी शूर भागी

*

सुर्ला, ता. २० मार्च १९७६

आत्यास भाग्यलक्ष्मीचा नमस्कार.

शिगम्याहून मी न जेवता का निघाले, असं तू आईला विचारलंस. सांगते. मी फुलं घेऊन देवळात गेले होते. शंभूमामाने विचारलं, कसली फुलं गो बाय? मी म्हटलं, कुत्र्याचा प्रसाद उजवा झाला त्याची. तो म्हणाला, उजवा खंयचा? डावा झाला होता, दोनदा. तुमी कुत्रो घरांत हाडलो काय?

मी फुलं तिथेच ठेवली. तुला काही बोलले नाही, कारण तू पुरणपोळ्या लाटत होतीस आणि माझ्याकडे बघून हसलीस.

मी बाबांपाशी नाही, तुझ्यापाशी मागितलं होतं. तू खांबाला टेकून बघत होतीस असंसुद्धा लिहिलंस. कुत्रा चावायच्या आधी गुरगुरतो तरी.

आता मोती जवळ आला की माझा हात मागे जातो. त्याने काहीच केलेलं नाही, तरी जातो. तो शेपटी हलवत उभा राहतो आणि मला रडू येतं. देवी नाही म्हणाली होती, मग मी त्याच्या तोंडाजवळ हात नेला तो कोणाच्या भरवशावर? पाव पुन्हा आईच आणते.

मी बाबांना विचारलं. ते हसले. म्हणाले, मोठी माणसं भल्यासाठी असं करतात. तुये गावच्या अनंतांच्या घरून आत्याला मागणी आली होती, तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली. ती कोणावर टाकायची? मग बाबांनी देवळातून येऊन डावा झाला म्हणून सांगितलं. आत्या राहिली, आजीचं सगळं नीट झालं, आणि आत्याचं तरी काय वाईट झालं, असं म्हणाले. मी विचारलं, मग खरी पाकळी कुठली पडली होती? ते म्हणाले, आता कोणाला आठवतंय.

तुला हे माहीत होतं का? माहीत असूनही तू माझ्याशी तसंच केलंस का?

भाग्यलक्ष्मी

*

धारगळ, ता. २५ मार्च १९७६

गोकुळदास यास पद्मावतीकडून.

भागीचं पत्र आलं. तुयेच्या स्थळाचं तू तिला सांगितलंस. ती मला विचारते, हे तुला माहीत होतं का. नव्हतं. माझ्याच लग्नाची खरी गोष्ट मला दहा वर्षांच्या पोरीने कळवली.

आईचं केलं त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तेव्हा तू येऊन म्हणाला असतास की पद्मा, माझी नोकरी नवी आहे, आईकडे बघायला कोणी नाही, तू थांब, तर मी थांबले असते. रडले असते, तुझ्याशी चार दिवस बोलले नसते, पण थांबले असते. तू मला विचारलंच नाहीस. देवीला पुढे केलंस आणि आपण मोकळा झालास. पुढे अनंत बायकोला घेऊन याच रस्त्यावर बसमधून उतरले, मी दुकानात मीठ घेत होते. त्या दिवसापासून मी देवीशी अबोला धरला. वर्षभर तिची पायरी चढले नाही. तिने बिचारीने काही केलंच नव्हतं.

आणि तुला नावं ठेवायला माझं तोंड तरी कुठे राहिलंय? तू एक पत्र टाकलंस आणि मी त्या पोरीला तसंच फसवलं. तिने सगळ्यांना सोडून माझ्यावर भरवसा ठेवला होता. तो गेला. माझ्या हाताने गेला.

मोतीचं भागी म्हणेल तेच करायचं. नको म्हणाली तर मी स्वतः येऊन त्याला इकडे घेऊन जाईन. हवा म्हणाली तर राहू दे, आणि तिची भीती जायला लागेल तेवढा वेळ लागू दे. यापुढे तिच्या वतीने कोणी काही ठरवायचं नाही. देवीला तर मध्ये घालायचंच नाही. तिला वेगळं पत्र लिहायला बसले होते. ‘भागी, आता तुला खरं सांगते’ एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. तिने ते का म्हणून मानावं?

तिने तुला विचारलं तेच मी विचारते. त्या दिवशी पाकळी कुठली पडली होती? की तू देवळात गेलाच नव्हतास, वडाखाली विडी ओढून परत आलास? उलट टपाली कळव. तू काहीही लिहिलंस तरी मला ते खरं वाटणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय. तरी कळव.

पद्मावती