जोखमीचा रकाना

४ नोव्हेंबर, कळस
पेरूचा गर काढायच्या युनिटचा कर्जासाठीचा अहवाल पुरा. बचत गटातल्या बाराजणींनी सांगितलं, मी लिहिलं. 'प्रकल्प का हवा?' याला दोन पानं झाली. डागी पेरू बांधावर कुजतो, एवढंच खरं तर. 'जोखीम' या रकान्याशी आम्ही सगळ्या अडलो. सुमन म्हणाली, "अंगावरची जोखीम इचारत्यात. सोनं बघितल्याबिगर कोण दारात उभं करतंय?" मग प्रत्येकीनं आपापलं सांगितलं. कुठं ठेवलंय, तेही.
ह्यांचाच चष्मा लावून लिहिते अजून. नंबर जुळत नाही, तरी.

६ नोव्हें.
बारामती. कचेरीत चार प्रती दिल्या. साहेब वाचता वाचता थांबले. "मावशी, जोखीम म्हणजे धंद्यात काय बिघडू शकतं ते. तुम्ही तर चोराला पत्ता लिहून दिलाय." शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मीही हसले. सोमवारपर्यंत दुरुस्त करून, सगळ्यांच्या सह्या घेऊन आणा म्हणाले. प्रती परत घेतल्या.
एसटीत मोजल्या. तीनच.

७ नोव्हें.
फोन केला. कचेरीत नाही. तीन काढल्या की चार, झेरॉक्सवाल्याला आठवत नाही.
बाराजणींची नावं, गाव, कपाट, डबा, देव्हारा. सगळं माझ्या अक्षरात. दुपारी रस्त्याला मोटारसायकल थांबली, तर हातातलं पातेलं तसंच घेऊन बाहेर आले. पेरूवालाच होता.
अजून कुणाला बोलले नाही.

८ नोव्हें.
रकाना नव्यानं. गर नासला तर. वीज गेली तर. गिऱ्हाईक फिरलं तर. 'लिहिणारी चुकली तर' लिहिलं, खोडलं. हे असते आणि त्यांना वाचून दाखवलं असतं, तर हसून-हसून खोकला लागला असता त्यांना. मग शोधायला तेच बारामतीला गेले असते.

९ नोव्हें.
बैठक. सह्यांआधी सांगून टाकलं.
गटात वयानं मोठ्या वत्सलाआक्का. "माझी पाटली माझ्या सासूला बी कधी घावली न्हाय. तू थेट बारामतीला धाडलीस." एक-दोघी हसल्या. आक्का सही न करता उठल्या. त्यांच्यामागं आणखी तिघी.
सुमन म्हणाली, "लिव्ह म्हणून मीच म्हणलं हुतं." तिनं सही केली. पेन माझ्या हातात देताना म्हणाली, "घरी डबा बघून येते जरा."
पाच मिनिटांची वाट आहे. अर्धा तास झाला. उंबऱ्यात बसून हे लिहितेय.