लुशियसच्या हातातला कालथा

प्रिय रॉस्को,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले, त्यावर भाळू नकोस. शनिवारी तुझा सिनेमा पाहिला, आपल्या डेट्रॉइटच्या जुन्या थेटरात, आईला घेऊन. तिने चर्चची ठेवणीतली हॅट घातली होती. पोलिसांनी दारात गोळी घातलेल्या तिच्या लुशियसवर सिनेमा निघाला, आणि काढला कोणी, तर तिच्याच हातचं खाऊन वाढलेल्या रॉस्कोने! वाटेत भेटेल त्याला सांगत होती.

आपले काळे लोक पडद्याशी बोलतात, तुला ठाऊकच आहे. पण “अरे, मागे बघ!” असं कोणी ओरडलं नाही. सगळे पुढचं आधीच सांगत होते. “आता हा लांब कोट चढवणार.” चढवला. “आता गोरा फौजदार थुंकणार.” थुंकला. “आता ती बाई कपडे काढणार.” तिने तर तेवढाही धीर धरला नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, “शेवटाला मला उठवू नका रे, मी घरूनच बघून आलोय.” थेटर खदाखदा हसलं. पोलिसांच्या जुलमावर तू म्हणे बॉम्ब टाकणार होतास. निघाला फुसका बार.

मग पडद्यावरचा लुशियस दारात आला. “आता पिस्तूल काढणार!” लोक ओरडले. आणि काढलंन की रे! टाळ्या, शिट्ट्या.

अरे दळभद्र्या, तो शुक्रवार होता. आईचा एप्रन बांधून माझा भाऊ मासे तळत होता, आणि तू टेबलाशी बसून पहिल्या तुकडीसाठी घाई करत होतास. दार वाजलं तसा तो कालथा घेऊनच गेला. पिस्तूल होतं असं पोलीस म्हणाले. कालथा होता असं आई चार वर्षं सगळ्यांना ठणकावून सांगतेय. तो कालथा दाखवला असतास तर थेटरात एकालाही आधी ओळखता आला नसता, सगळ्यांची वाचा बसली असती. पण टाळ्या पिस्तुलाला पडतात, म्हणून तू पोलिसांचंच खोटं उचललंस. लाज वाटते मला तुझी.

घरी आल्यावर आईने हॅट काढली आणि म्हणाली, “व्हर्डेल, रॉस्को तेव्हा घरात होता. त्याने पाहिलं असेल. खरं सांग गं, माझ्या पोराच्या हातात पिस्तूल होतं का?” मी शपथा घेतल्या. तिला पटेना, कारण मी कामावर होते. म्हणून हे पत्र. येत्या शुक्रवारी ये. मासे मी तळेन. तू तिच्यासमोर बस आणि लुशियसच्या हातात काय होतं ते तिला सांग.

तोवर ‘तुझी’ लिहायला हात धजत नाही,
व्हर्डेल