फ्रीझरवरचा खटला

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
सुनेत्राला जाऊन नऊ महिने झाले. मी व्यवस्थित आहे. ऑफिस, जेवण, गोळ्या, सगळं वेळेवर.
मिहिका म्हणाली, हॉलमधला आईचा फ्रीझर काढू या. तेरा तारखेपासून तिचं काम घरून आहे, तिथे डेस्क बसेल. आत सुनेत्राने भरलेले डबे आहेत. वरच्या डब्यावर तिच्या अक्षरात ‘पुरण’. विचार करून कळवतो म्हणालो. ऑफिसातही असंच म्हणतो. लोक विसरतात.

शनिवार, ४ ऑक्टोबर
मुलगी विसरलेली नाही. टेप आणून मापं घेतली.
सुनेत्राची वही सापडली. फेब्रुवारीत ती इथल्या मराठी मंडळात ‘ग्रीक नाटकांतला न्याय’ या विषयावर बोलणार होती. तिच्या भाषणांना मी पहिल्या रांगेत असायचो. डोळे मिटून ऐकायचो. वहीत आहे की अथेन्समध्ये निर्जीव वस्तूवरही रीतसर खटला चालवत. दगड पडून माणूस मेला तर दगडावर. दोषी ठरला तर हद्दपार. म्हणजे खटल्याशिवाय फ्रीझर हलवता येत नाही.
मिहिका म्हणाली, “बाबा, इट्स अ फ्रीझर.” दगडापेक्षा फ्रीझर नक्कीच वरचा, असं मी सांगितलं.
पुढच्या शनिवारी खटला. जिंकणार.

सोमवार, ६ ऑक्टोबर, लंच टाइम
अथेन्समध्ये ज्युरीत पाचशे माणसं असत. आमच्या बर दुबईच्या हॉलमध्ये दोन बसतात. मतं समसमान पडली की आरोपी सुटतो. एका नाटकात तर आईला मारणारा मुलगाही तसाच सुटतो. प्रकाश माझा वीस वर्षांपासूनचा मित्र, म्हणजे त्याचं मत माझं. दुसरं मत शेजारच्या शहनाझभाभींचं. त्या विरुद्ध गेल्या तरी बरोबरी. हे कोणाला सांगितलेलं नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर
मिहिका म्हणते, आधी उघडून आत काय आहे ते तरी बघू. मी वही दाखवली. तिथे पुरावा खटल्याआधी मडक्यात घालून सील करत. झाकणाला ऑफिसची पिवळी टेप लावली.
शिवाय बायकांना कोर्टात बोलता येत नसे, त्यांच्या वतीने घरचा पुरुष बोलायचा. तेव्हा मिहिकाची बाजूही मीच मांडतो, असं सुचवलं. तिने वही ओढून घेतली आणि आईचीच पुढची ओळ वाचली: कोर्टात बाई गप्प, पण नाटकात सगळ्यात कडक भाषणं तिचीच. म्हणाली, आता सांगा, हे कोर्ट आहे की नाटक? विचार करून कळवतो म्हणालो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
माझं भाषण तयार. चौदा पानं. तिथे ज्याने त्याने स्वतः उभं राहून बोलायचं, वकील नाही. वहीत यापुढे सुनेत्राने लिहिलंय, ‘आमच्याकडचे गृहस्थ पहिल्याच दिवशी फासावर.’ मंडळासाठी विनोद असणार. कोण गृहस्थ, ते लिहिलेलं नाही.
वेळ मोजायला पाण्याचं घड्याळ: पाच गॅलनच्या बाटलीला भोक, खाली बादली. रास अल खोरच्या गोदामात मी सेफ्टी ऑफिसर आहे. अशी कामं मला सांगावी लागत नाहीत.

शनिवार, ११ ऑक्टोबर
खटला झाला. मिहिका दीड मिनिट बोलली. एक, जागा हवी. दोन, रोज त्या झाकणासमोर बसून तिला जेवण जात नाही. हे दुसरं मला माहीत नव्हतं.
मग मी. चौदा पानं हातात. पहिलाच शब्द ‘सुनेत्रा’ होता. शहनाझभाभी हळूच म्हणाल्या, “बोलिए भाईसाब, पानी जा रहा है.” प्रकाश म्हणाला, “यल्ला, मुरलीधर, चल, बोल!” पाणी संपलं.
भोक थोडं मोठं आणि बादली थोडी लहान निघाली. पाणी एक्स्टेन्शन बोर्डाकडे निघालं, तसा मी ताबडतोब फ्रीझरचा प्लग काढला. प्रसंगावधान.
मतदान कडधान्याने: राजमा म्हणजे निर्दोष, छोला म्हणजे दोषी. प्रकाशने छोला टाकला! म्हणाला, “सॉरी यार, पोरीचं खरं आहे.” भाभींनी राजमा टाकला. म्हणाल्या, “आपा के हाथ का सामान है, मैं कैसे निकलवाऊँ?” बरोबरी. आरोपी सुटला. म्हणजे भाषणाची गरज नव्हतीच.

सोमवार, १३ ऑक्टोबर
मिहिकाने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि तिचे पाय भिजले. फ्रीझरखाली पाणी. शनिवारपासून प्लग कोणी लावलाच नव्हता. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं.
टेप मीच कापली. ‘पुरण’ लिहिलेल्या डब्यात कारल्याचे काप. दुसऱ्या ‘पुरण’मध्येही कारल्याचे काप. ‘ओलं खोबरं’मध्ये मटार. सुनेत्रा डबे धुऊन पुन्हा भरायची, लेबलं काढायचा तिला कंटाळा. मला कारलं आवडत नाही, म्हणून लपवलं असेल, किंवा नुसता डबा रिकामा असेल. मिहिका ओल्या फरशीवर बसून हसत सुटली. मग ते हसणं राहिलं नाही. मी शेजारी बसलो.
काप अजून गार होते. मीटिंगच्या आधी तिने परतले. मी दोनदा वाढून घेतले. फार कडू. आई यात गूळ घालायची, असं मी तिला सांगितलं.
मिहिका म्हणाली, “मग आधी बोलायचं ना, बाबा.”