दहा वाजताचं विमान

दि. १७, मंगळवार, दुपारचे अडीच

चि. माऊ,

आशीर्वाद नेहमीपेक्षा दोन ओंजळी जास्त. पत्र संपेपर्यंत पुरले म्हणजे मिळवली.

इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं. तुझ्या लेकीचा, आपल्या टिकटिकचा, पुढचा दात पडला. आता 'स' म्हणताना शिट्टी वाजते, म्हणून बाईसाहेब मुद्दाम शोधून शोधून तेच शब्द बोलतात. शुद्धलेखनात तिला तारा मिळाला. तुझी साडी ड्रायक्लीनरकडून आणून ठेवली आहे.

परवा तू फोनवर विचारलंस, दुपारभर घरात कसला घरघराट चालू असतो. तेच सांगायला बसलो. फोनवर तू मध्येच 'बाबा, मुद्द्यावर या' म्हणतेस, आणि या मुद्द्यावर मला एकदम येता येणार नाही.

तू ठेवून गेलेला कम्प्युटर दुपारी नुसता पडून असायचा. समोरच्या फोटोवाल्याने त्यावर लढाऊ विमानांचा खेळ घातला. स्टुडिओ मुलाच्या हाती दिल्यापासून त्याला दुपार खायला उठते. जुन्या लढाईतली, पंखा लावलेली विमानं आहेत. टेबलावर ठेवायचा एक दांडाही घेऊन आला. म्हणाला, "जन्मभर तिळाएवढे स्क्रू फिरवलेस, आता जरा मोठं काहीतरी फिरव."

चौथीच्या पुस्तकात आम्हाला ढगांवर एक कविता होती. मास्तर ती खिडकीबाहेर बघत म्हणायचे, आणि मी त्यांच्या नजरेच्या मागून पार निघून जायचो. पुढे पंचेचाळीस वर्षं दुकानात खाली मान घालून घड्याळांच्या पोटात बघत बसलो. वर बघायचं राहूनच गेलं. म्हणून बसलो खेळायला.

पहिले तीन दिवस आकाश दिसलंच नाही. इंजिनाला जोर दिला की ही विमानं आपसूक डावीकडे ओढतात, दांडा पिळून सावरावं लागतं. मी प्रत्येक वेळी गवतात. फोटोवाल्याने बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: चाकं, बंदूक, मागे बघ. पुढे पहिल्याच लढाईत मी शत्रूवर बंदुकीऐवजी चाकं सोडली. "घाबरला असेल बिचारा," फोटोवाला म्हणाला.

चौथ्या दिवशी विमान उठलं. ढगांच्या वर आलो, आणि काय सांगू, मी ती कविता मोठ्याने म्हणायला लागलो. दुसऱ्या कडव्यात माझं विमान पेटलं.

या खेळात दिशा घड्याळावरून सांगतात. नाकासमोर बारा, शेपटीकडे सहा, उजव्या पंखाला तीन, डाव्याला नऊ. घड्याळजीला हे शिकवायला नको. तरी रोज तेच व्हायचं. फोटोवाला शेजारी बसून ओरडायचा, "अरे, दहा वाजता बघ, दहा वाजता!"

"दहाला काही नाही."

"पडद्यावर आहे रे, चांगलं कबुतराएवढं."

"चष्मा बदल तुझा."

"माझा? आंधळ्या, तुझ्या पंखावर येऊन बसलाय तो."

मग गोळ्यांचा तडतडाट आणि पडदा लाल. एका आठवड्यात एकवीस वेळा पडलो. एकवीसही वेळा डावीकडून. मी योगायोग म्हणालो, आणि तेव्हा फोटोवाल्याचं हसणं थांबलं. त्याने खिशातून कॅमेऱ्याच्या लेन्सचं झाकण काढलं. "समोर भिंतीकडे बघ. हे मी डाव्या बाजूने आणतो. दिसलं की सांग."

मी वाट बघत बसलो. मला वाटलं, याने अजून सुरुवातच केली नाही. आणि एकाएकी ते झाकण माझ्या नाकासमोर उगवलं. मी खुर्चीसकट मागे सरकलो.

"पुन्हा कर," म्हणालो.

"ही तिसरी वेळ होती," तो हळू आवाजात म्हणाला.

भिंग उजव्या डोळ्याला लावायचं आणि डावा मिटायचा, ही आमच्या धंद्याची रीत. डावा अंधुक होत गेला तेव्हा मी त्याला आळशी म्हणत राहिलो. ज्याला काम नाही तो कशाला नीट बघेल. घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं तरी उघडून बघणारा मी, पण डोळा कधी कुणाला दाखवला नाही. आता दाखवल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू आहे. डावा जवळजवळ गेला, उजव्याचीही नाकाकडची बाजू गेली. गेलं ते परत येत नाही, थेंब घालून उरलेलं राखायचं. माऊ, काळं काही दिसलं असतं तर मी ओळखलं असतं गं. तिथे काळंही नसतं. तिथे जग संपलंय हेसुद्धा दिसत नाही.

आता पुढचं.

टिकटिक गाडीत माझ्या डावीकडे बसते.

आणि पाववाला. अडीच महिन्यांपूर्वी शाळेच्या वळणावर त्याची सायकल आपल्या गाडीखाली आली, त्याचं मनगट मोडलं. मी तुला सांगितलं, तो कुठून आला कळलंच नाही, बेफाम घुसला. तू बेकरीच्या मालकिणीला फोन केलास, गाडीत माझी मुलगी होती म्हणालीस, आणि त्यांनी त्याला कामावरून काढलं. मला तो खरंच दिसला नव्हता. पण टिकटिक तेव्हाच म्हणाली होती, "आबा, काका हात दाखवत होते ना वळायला." आणि मी तिला म्हणालो, "मोठ्यांच्या बोलण्यात बोलू नये."



त्या दिवसापासून गाडीत बसलं की तिचं सुरू व्हायचं. "आबा, कुत्रा. आबा, खांब. आबा, एक आजी चालल्यात." मला बडबड वाटायची. एकदा तर मी म्हटलं, जरा कान राहू दे बाई जागेवर. सात वर्षांची पोर अडीच महिने माझा डावा डोळा होऊन बसली होती, आणि मला न दुखवता.

अजून एक राहिलं, तेही लिहितो. गाडीला हात लावू नका, असं डॉक्टरीणबाईंनी मला शुक्रवारी बजावलं. काल सोमवारी मी तिला गाडीनेच नेलं. शाळा नऊ किलोमीटर, बस जात नाही. तू बदलीच्या गावी जाताना म्हणाली होतीस, "बाबा, झेपेल तोवर ठेवा तिला, नाही झेपलं तर मी घेऊन जाईन." गाडी गेली की पोर गेली, एवढंच डोक्यात होतं. या भीतीपायी मी तिचा जीव पणाला लावला.

वळणावर आलो आणि ती नेमकी गप्प होती. मी ब्रेक दाबला. डावीकडे मान पूर्ण वळवली, तरी वाटेना की सगळं बघून झालं. मागे हॉर्न वाजू लागले. पाय ब्रेकवरून निघेना, शर्ट घामाने पाठीला चिकटला. "आबा, कोणी नाहीये," ती म्हणाली. "खरंच नाहीये. चला." मी तिच्या शब्दावर गाडी पुढे घेतली. परत येताना शेजारी कोणी नव्हतं. घरापर्यंत कसा आलो, ते मला विचारू नकोस.

आज सकाळी फोटोवाल्याच्या हातात किल्ली दिली. या आठवड्यात तो तिला नेईल-आणेल. मी बेकरीत गेलो आणि मालकिणीला सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याच्या जागी आता दुसरा घेतलाय हो. आता सांगून मी काय करू?" तरी पत्ता दिला. उद्या त्याच्याकडे जाणार आहे. तो दार उघडेल का, उघडून काय म्हणेल, याची भीती वाटते. तुझ्या उत्तराचं भय त्याहून मोठं आहे. तूही मालकिणीला पुन्हा एक फोन कर. माझ्याखातर नव्हे, त्याच्या मनगटाखातर.

सोबत शाळेचा फॉर्म जोडला आहे. 'मुलीची ने-आण कोण करणार' या ओळीतलं माझं नाव मी खोडलं. टिकटिक शेजारी उभी होती. "मग आता कोणाचं लिहायचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, ते आई लिहील. "इथलं लिहील की तिकडच्या शाळेचं?"

ती जागा कोरी ठेवली आहे. शनिवारी फॉर्म द्यायचा आहे. जे लिहायचं ते माझा विचार न करता लिही.

तू लिहिशील त्याला आधीच हो म्हणून बसलेला,
तुझा बाबा